लांबडं आणि पाहुणा

बारकीच्या हातात पातं असताना पाहुणा आला तर काय, हा प्रश्न एकदा आईच्या डोक्यात घुसला आणि मग काही केल्या निघेना. कपडे वाळत घालताना यायचा, बसच्या रांगेत यायचा, भाजी चिरताना तर हमखास. सुरी हातात धरून ती नुसती उभी राहायची. बाबा दारातून म्हणायचे, "कांदा कापतेस की त्याची माफी मागतेस?"

पाहुणा म्हणजे फिट. बारकी अकरा वर्षांची असताना पहिली आली. दवाखान्यातून परत येताना रडणाऱ्या पोरीला बाबांनी समजावलं होतं, "काही नाही गं, पाहुणा आहे. आला तसा जाईल." पाहुणा काही गेला नाही आणि तो शब्दही घरातून गेला नाही. "पाहुणा किती वेळ होता?" "दीड मिनिट." "या महिन्यात पाहुणा नाही." वीस वर्षं अशीच भाषा. आईला ती बरीच वाटायची. तिच्या माहेरी दिवेलागणीनंतर साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. पुढे कॉलेजात तिने तर्कशास्त्र घेतलं, त्यात पहिला वर्गही मिळवला. पण तर्कशास्त्र परीक्षेपुरतं असतं आणि जिभेची सवय जन्माची.

बारकी आता एकतीस वर्षांची होती आणि बाबांपेक्षा चार बोटं उंच. दारातून आत येताना मान वाकवणाऱ्या बाईला बारकी म्हणतात हे ऐकून नवीन माणूस हसायचाच. चार वर्षं ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, काचसामान धुवायचं, मुलांना सगळं मांडून द्यायचं. एका दुपारी सातवीच्या वर्गासमोर पाहुणा आला. चार चंचुपात्रं फुटली, बाकी कोणाला काही झालं नाही. तिला कामावरून कोणी काढलंही नाही. फक्त तिच्या हातात काचेचं काही देईनासे झाले. मग गरम काही देईनासे झाले. शेवटी तिच्या वाट्याला एक वही आणि एक पेन उरलं. "पेनाचं टोक तरी काढून घ्या," असं म्हणून ती एक दिवस राजीनामा ठेवून आली.

त्यानंतर दीड महिना ती घरात होती. आई तिच्या मागे मागे. न्हाणीघराची कडी लावायची नाही, गॅलरीत एकटीने उभं राहायचं नाही. बारकी हसून म्हणायची, "आई, माझ्या सावलीला तरी सुट्टी दे." मग एके दिवशी ती बॅग भरून निघाली. बसने तासाभरावर एक तळं होतं, सगळ्या शहराला पाणी पुरवणारं. त्याच्या मातीच्या बांधावर गवत कापायचं काम मिळालं होतं. कामाच्या अर्जात एक प्रश्न होता, काही आजार आहे का. बारकीने तिथे "नाही" लिहिलं. आईला तिनेच सांगितलं, आणि असं सांगितलं की पुढे काही बोलायची सोय उरली नाही.

चार दिवसांनी फोन आला.

"आई, आज लांबडं हातात घेतलं."

आईच्या हातातला पेला खाली पडला. "कुठे चावलं? दवाखान्यात आहेस का? कोण आहे जवळ?"

पलीकडून इतकं मोठं हसू आलं की आईने फोन कानापासून लांब धरला. "अगं विळा. लांब दांड्याचा विळा. इथे त्याला सगळे लांबडं म्हणतात."

"असलं नाव कोणी ठेवलं?"

"मुकादमांनी. ते म्हणतात, दोघांनाही पाठीमागून गाठायचं नसतं."

आई हसली, पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, साप परवडला. तो आपण होऊन तरी निघून जातो.

नंतर रोज संध्याकाळी फोन येऊ लागला आणि आईला त्या कामाची एकेक गोष्ट पाठ होत गेली. बांधावरचं गवत बुटकं ठेवावं लागतं. मातीतून कुठे पाणी पाझरत असलं, उंदरांनी बीळ केलं असलं, तर ते वेळीच दिसलं पाहिजे, नाहीतर एक दिवस बांधच फुटायचा. उतार असा की यंत्र उभं राहत नाही. एकदा एक उलटलं तेव्हापासून हातानेच काम चालतं. कापणारे तीन पुरुष आणि त्यांचे मुकादम, सत्तरीला टेकलेले. बारकी पाचवी. तीन आठवडे शिकायचं, मग मुकादम ठरवणार ठेवायचं की नाही. ते तीन आठवडे संपल्यावरच्या सोमवारी ठरणार होतं.

"पहिले तीन दिवस पातंच नव्हतं गं. नुसता दांडा. त्याला दोन मुठी असतात, त्या धरायच्या आणि कमरेतून वळायचं. हात फक्त सोबतीला. मी हातानेच ओढत होते, तर म्हणाले, दळण दळतेस का?"

"आणि पातं बसवल्यावर?"

"टोक थेट जमिनीत. म्हणाले, नांगरायला नाही बोलावलं तुला. मग म्हणाले, टाच खाली ठेव. मी आपली माझी टाच टेकवली. चौघं जागच्या जागी बसले हसत. पात्याची टाच, आई. दांड्याला जोडलेला भाग. तो जमिनीला लागून सरकला की टोक आपोआप वर राहतं."

गवत पहाटे कापायचं, दव असताना. ओलं गवत ताठ उभं राहतं, वाळलेलं पात्यासमोर वाकून निसटतं. पातं पंधरा-वीस वेळा फिरवलं की थांबून कमरेच्या डब्यातला ओला दगड काढायचा आणि धारेवरून फिरवायचा. धार नीट असली तर गवत कापल्याचा आवाज येत नाही, कोणीतरी "शू" म्हणाल्यासारखं वाटतं. बारकी फोनवर तो आवाज काढून दाखवायची. आणि एक नियम होता, मोडला तर मुकादम बापाचंही ऐकत नसत: पातं चालू असलेल्या माणसाकडे जायचं तर समोरून, आणि वीस पावलांवरून हाक देऊन. मुकादम स्वतः पाणी प्यायला आले तरी "आलो रे" असं ओरडत यायचे.

आईने हे सगळं ऐकलं होतं. म्हणजे कानावर पडलं होतं. तिचं लक्ष पुढच्या प्रश्नाकडे असायचं. "गोळी घेतलीस ना?"

"घेतली."

"दोन्ही?"

"आई, दव पडायचं चुकेल पण तुझा प्रश्न चुकायचा नाही."

शेवटचा पाहुणा येऊन चारशे अकरा दिवस झाले होते. आई कॅलेंडरवर फुल्या मारायची. इतरांना असा आकडा ऐकून धीर आला असता. आईला वाटायचं, इतके दिवस आला नाही म्हणजे आता येणार. बाबा म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." आई म्हणायची, "ब्रह्मराक्षसाच्या हातात निदान पातं नसतं."

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, तिने डबा भरला, कापडी पिशवीत घातला आणि चप्पल पायात सरकवली. बारकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

"लांबूनच बघून येते."

"तू आणि लांबून."

बांध तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. एखादी हिरवी भिंत आडवी पाडून ठेवावी तसा. अर्धा भाग भादरलेला, अर्धा गुडघाभर गवताचा, आणि कापलेल्या गवताच्या ओळी उतारावर आडव्या निजलेल्या. बांधाच्या माथ्यावरून कच्चा रस्ता जात होता. तिघं पुरुष पार पलीकडच्या टोकाला होते, मुकादम मध्ये कुठेतरी वाकून धार लावत होते, आणि अलीकडे, तिच्याकडे पाठ करून, उताराच्या मधोमध बारकी.

आई रस्त्याच्या कडेला थांबली. ती खरोखर लांबून बघणार होती.

पातं उजवीकडे मागे जायचं, अर्धवर्तुळात पुढे येऊन डावीकडे थांबायचं, आणि गवत हूं की चूं न करता आडवं व्हायचं. मग दोन इवलीशी पावलं पुढे. पुन्हा तेच. त्या उंच, कायम मान आखडून चालणाऱ्या पोरीची मान आता मोकळी होती. आईने आपल्या लेकीला सायकल शिकताना पाहिलं नव्हतं, कारण शिकूच दिली नव्हती. पोहताना पाहिलं नव्हतं, कारण तेही नाही. कुठलंही काम अंगात भिनल्यासारखं करताना ती तिला पहिल्यांदा पाहत होती. दहा मिनिटं झाली असतील. आईला वाटलं, डबा मुकादमांच्या खोलीवर ठेवावा आणि आल्या पावली परत जावं.

तेवढ्यात बारकी थांबली.

दगड काढायला नाही. नुसती थांबली. मान थोडी डावीकडे झुकली. आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला, हळूहळू, एका लयीत. एवढ्या लांबून ते दिसणं शक्य नव्हतं, पण आईला दिसलं. वीस वर्षं पाहुणा दारात आला की आधी तो अंगठाच हलायचा. आणि पातं अजून हातात होतं.

ती धावली. हाक मारली नाही, कारण पाहुणा येताना हाक मारायची नाही, बारकी दचकते, हा घरातला नियम. गुपचूप जायचं आणि डोकं धरायचं. ओल्या उतारावरून, हात पुढे धरून, पिशवी मनगटाला लोंबत असताना, मागून, उजव्या बाजूने ती धावत खाली आली.

आणि बारकीने पातं उचललं.

ते मागे आलं तेव्हा आईला आवाज ऐकू आला तो एवढाच: शू. मनगटावरची पिशवी एकदम हलकी झाली. खाली पाहिलं तर पिशवीला तळच नव्हता. डबा उतारावरून गडगडत निघाला, एकदा उसळला, दोनदा उसळला आणि खालच्या चरात जाऊन पडला. पिशवीपासून आईचा गुडघा वीतभरावर होता.

बारकी वळली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तिने लांबडं अलगद खाली ठेवलं, पातं उताराकडे करून, आणि मग तिथेच गवतात बसली. तिला फिट आली नव्हती. ती आईचे पाय बघत होती.

मुकादम आले ते समोरून आले, आणि एवढ्यातही "आलो" म्हणून आले. त्यांनी आधी आईच्या पायांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग बारकीकडे.

"कोण ह्या?"

"माझी आई."

"बाई, हाक का नाही दिलीत?"

आईने तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं. त्या उत्तराच्या पोटात मात्र अर्जातलं ते "नाही" होतं. बारकीने मान हलवली, इतकीशी की मुकादमांना दिसू नये.

"पाय घसरला," आई म्हणाली.

"अस्सं." त्यांनी लांबडं उचललं, पातं दांड्यावरून सोडवलं, गोणपाटात गुंडाळलं. आवाज चढला नाही. "पातं ज्याच्या हातात, चूक त्याची. मागे बघून मगच उचलायचं, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. उद्यापासून नुसता दांडा. सोमवारी बघू."

"चूक माझी आहे हो," आई म्हणाली. "तिची काही..."

"तुमचा पाय घसरला ना? मग तुमची कशी?"

बारकी चरातून डबा आणायला खाली गेली तेव्हा ते आईच्या शेजारी उभे राहिले. हातातल्या दगडावरचं पाणी झटकत म्हणाले, "घसरणारा माणूस हात पसरतो, बाई. तुम्ही दोन्ही हात पुढे धरून आलात. दुसऱ्याला सावरायला निघाल्यासारख्या." त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. आपला नंबर सांगितला, आणि आईने तो बसच्या तिकिटामागे लिहून घेतला. "काही सांगावंसं वाटलं तर," एवढंच म्हणाले.

बस थांब्यावर मायलेकी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मध्ये चेपलेला डबा.

"मला तो येताना दिसला," आई म्हणाली. "तुझा अंगठा हलत होता."

बारकीने डब्याच्या चेपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हो. तोंडात ती चव आली होती. गंजलेल्या खिळ्याची. म्हणून थांबले. साठ मोजले. चव गेली, नाही आला. मग पातं उचललं."

म्हणजे आई वेडी नव्हती. तिने खरंच पाहिलं होतं. पण त्या बरोबर असण्याचं करायचं काय, हे तिला कळेना.

"मग पातं खाली का नाही ठेवलंस?"

"ठेवलं असतं तर मुकादमांनी विचारलं असतं, का ठेवलं."

"तर सांगायचं."

"काय सांगू? पाहुणा येतोय? आपल्या घरात त्याला नावसुद्धा नाही आणि मी परक्या माणसाला काय म्हणून सांगू?" मग आवाज खाली आणून, "सांगितलं की संपलं, आई. आधी पातं जाईल. मग दगड. मग मला एक वही देतील."

बस आली. बारकीने डबा आईच्या हातात दिला. "येते," आई म्हणाली. "ये," बारकी म्हणाली, आणि खिडकीखाली उभी राहून, तोंड वर करून, "पण हाक देऊन ये."

त्यानंतर चार दिवस बारकीचा फोन रोज आला, दोन-दोन मिनिटांचा. दांडा फिरवते. हो, गोळी घेतली. हो, दोन्ही. बरं.

रविवारी दुपारी चार वाजता आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर मिठाच्या बरणीखाली ते तिकीट. बाबांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

"फोन करायचा तर कर, नाहीतर ते तिकीट फाडून टाक. चार दिवस आम्ही अळणी जेवतोय, तू बरणी हलवायला घाबरतेस."

"केला तर तिचं काम जाईल."

"नाही केला तर?"

उद्या मुकादमांनी बारकीला ठेवलं, तर पातं परत तिच्या हातात येणार. पुन्हा कधीतरी तोंडात खिळ्याची चव येणार, आणि ती पातं हातात घट्ट धरून साठ मोजणार, कारण खाली ठेवलं तर कोणीतरी विचारेल. धारेची भीती आईला पहिल्या दिवसापासून होती. आता तिला दिसत होतं, पोरीच्या हातातलं पातं खाली ठेवू न देणारी गोष्ट वेगळीच होती. ती बांधावर नव्हती, ह्याच घरात, 'पाहुणा' ह्या शब्दात तयार झाली होती. वीस वर्षांपूर्वी, कौतुकाने.

तिने मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं. नमस्कार, मी तिची आई बोलतेय, तुम्हाला एक सांगायचं होतं, पण कृपा करून तिला कळू देऊ नका. तिथे ती अडली. तिला तो उतार दिसला. ओलं गवत, पुढे धरलेले हात, समोर लेकीची पाठ.

"मी पुन्हा मागूनच चाललेय," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मुकादमांना नाही करत. बारकीला करते."

"आणि काय सांगणार?"

"की उद्या पहिल्या बसने मी येतेय. वरच्या रस्त्यावरूनच मोठ्याने हाक मारीन. मुकादमांना तिने सांगायचं, मी नुसती शेजारी उभी राहीन. पण आठ वाजेपर्यंत तिने नाही सांगितलं तर मी सांगेन, तिच्यासमोर, तिच्या तोंडावर."

"ती चिडेल."

"चिडू दे."

"ते तिला काढून टाकतील."

"टाकतीलही." आई म्हणाली. "नाहीतर म्हणतील, चव आली की पातं खाली ठेव आणि हात वर कर. मला माहीत नाही हो, ते काय म्हणतील. मला खरंच माहीत नाही."

बाबांनी कप तिच्याकडे सरकवला. "शब्द कुठला वापरणार? ते बिचारे म्हणतील, पाहुणा आला तर येऊ दे, त्यालाही एक दांडा देऊ."

आईला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तो शब्द निघाला. "फिट," ती म्हणाली. मग पुन्हा, नीट. "तिला फिट येते."

फ्रिज घरघरत होता. खालच्या रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं, कोणी आलंय का बघावं तसं. कोणी नव्हतं.

आईने बरणी उचलली, तिकीट काढून बाबांच्या हातात दिलं, फोन जवळ ओढला आणि लेकीचा नंबर लावला.